आंघोळीच्या पाण्याचा धूर

डॉक्टरांपुढे आई कधी खोटं बोलली नाही, आणि खरंही तिनं कधी सांगितलं नाही.

"विडी, तंबाखू?" डॉक्टर विचारायचे.

"छ्या! आमच्यात कोण न्हाय."

"घरात चूल?"

"न्हाय हो, गॅस हाय की."

डॉक्टर कागदावर लिहायचे, 'धूर: नाही'. मग छातीत ओढायचा तोच पंप, त्याच गोळ्या, आणि गार हवेत बाहेर पडू नका हा तोच सल्ला. शेजारच्या खुर्चीत मी बसलेली असायची. मीही मान डोलवायची. गॅस होताच की घरात. मी स्वतः सिलिंडर बदलत होते. मुलखाच्या पोरांना वर्गात हवा आणि धूर शिकवणारी मी बाई, पण त्या खुर्चीत बसून आपण काय विसरतोय हे मला दोन वर्षं सुचलं नाही. याचा मला आजही राग येतो, आणि तो माझा माझ्यावरच आहे.

आम्ही उचगावात राहतो, आई आणि मी. वडील जाऊन चार वर्षं झाली. ते शहराबाहेरच्या एका फौंड्रीत मोल्डर होते, म्हणजे वितळलेलं लोखंड ओतायच्या आधी वाळूचे साचे भरायचे. उभा जन्म त्यात गेला. त्यांच्या पगारावर मी शिकले, कोल्हापुरातल्या एका कॉलेजात पर्यावरण शिकवायला लागले, आणि त्याच कॉलेजातून एका मोठ्या कामात ओढली गेले. शहराच्या आणि आसपासच्या गावांच्या हवेत घाण येते कुठून आणि ती माणसांच्या छातीचं काय करते, याचं मॉडेल बनवायचं काम.

मॉडेल म्हटलं की लोकांना उगाच काहीतरी अवघड वाटतं. काम साधं आहे. एका बाजूनं गावोगाव हिंडून विचारायचं, की गाड्या किती, भट्ट्या किती, गुऱ्हाळं किती, उसाचं पाचट कुठं पेटवतात, घरात काय जळतं. दुसऱ्या बाजूनं गच्चीवर एक मशीन बसवायचं, ते दिवसभर हवा ओढतं, तासातासाचा आकडा दाखवतं आणि तिच्यातली धूळ ठरावीक वेळेनं बदलायच्या कागदावर धरतं. तो कागद प्रयोगशाळेत गेला की धुळीत काय काय आहे ते कळतं. मग दोन्ही बाजू कॉम्प्युटरसमोर ठेवायच्या. लोकांनी सांगितलेलं आणि कागदानं धरलेलं जुळलं, तर आपल्याला घाणीचा पत्ता लागला.

आमचं जुळत नव्हतं. दुपारचं जुळायचं, संध्याकाळचंही ओढूनताणून जुळायचं. सकाळी मात्र साडेपाचपासून आठपर्यंत मशीनचा आकडा असा चढायचा, की आम्ही कागदावर मांडलेल्या साऱ्या गाड्या आणि भट्ट्या एकदम सुरू केल्या तरी तो भरून येत नव्हता. त्यात प्रयोगशाळेनं आणखी घोळ घातला. सकाळच्या कागदांवर लाकडाच्या धुराची खूण होती आणि तिच्या जोडीला रंगात असतं ते शिसं होतं. गावात लाकूड जळतं कुठं? आमच्या फॉर्मप्रमाणे घरोघरी गॅस होता.

या कामाचे प्रमुख पुण्याहून यायचे. आम्ही त्यांना सर म्हणायचो. माणूस वाईट नव्हता, पण उंटावरून शेळ्या हाकायची सवय होती. आलेख बघून ते म्हणाले, "मशीन बिघडलंय. सकाळचे तास काढून टाका, मॉडेल छान बसेल."

मी म्हटलं, "मशीन तपासून घेतलंय सर. मॉडेलच काहीतरी विसरतंय."

"मॅडम, हट्टानं मॉडेल बनत नाही."

मीटिंगमध्ये दोघं जण हसले. माझं डोकं फिरलं. सकाळचे तास काढून टाका म्हणे! त्याच तासांत माझी आई खोकून खोकून भिंत धरते. ते तास मी तिच्या दिवसातून काढून टाकू शकत असते तर मॉडेल कशाला करत बसले असते? असं बोलले मात्र नाही. म्हटलं, "आठ दिवस द्या, मी स्वतः बघून येते."

आमचं मशीन गावातल्या दूध संस्थेच्या गच्चीवर होतं. दुसऱ्या दिवशी सहाच्या आधीच मी आंघोळ उरकून निघाले. खाली किटल्या घेऊन लोक रांगेत होते. एकानं विचारलंसुद्धा, "काय बाई, दूध घालायला आलाय व्हय?" मी वर गेले. मशीन नीट घरघरत होतं. कागद बसवलेला होता, नळी कुठं फाटली नव्हती. चुकीचं काही सापडेना म्हणून कठड्याला टेकून उभी राहिले आणि गावाकडं बघितलं.

स्वच्छ सकाळी त्या गच्चीवरून लांब जोतिबाचा डोंगर दिसतो. त्या दिवशी दिसत नव्हता. घराघराच्या मागच्या अंगणातून धूर निघत होता. एकाआड एक नव्हे, जवळजवळ प्रत्येक घराच्या मागून, आणि वर न जाता पत्र्यांच्या उंचीवरच पसरून बसला होता. मी घरं मोजत मोजत आमच्या आळीपर्यंत आले. आमच्या मागच्या पत्र्याखालून इतरांपेक्षा जरा काळाच धूर निघत होता. पत्र्याच्या कडेला निळं लुगडं दिसलं. आई वाकून फुंकणी फुंकत होती.

बंब!

कोल्हापूरकडं बंब कुणाला सांगावा लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगते. तांब्याचा उंच पिंप, मधोमध नळकांडं. नळकांड्यात जळण, भोवती पाणी. सणाच्या आधी चिंच लावून घासला की आरशासारखा लखलखतो. स्वयंपाकाला गॅस आला, पण आंघोळीचं पाणी बंबाचंच. गॅसवर पाणी तापवणं म्हणजे उधळपट्टी, आणि बंबाच्या पाण्यानं अंग मोकळं होतं, हे आमच्या गल्लीचं ठाम मत. अर्ध्या तासापूर्वी मी त्याच पाण्यानं आंघोळ करून त्याच धुराचा पत्ता शोधायला गच्चीवर चढले होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

आमच्या फॉर्मवर प्रश्न होता, 'स्वयंपाकासाठी कोणते इंधन वापरता?' फॉर्म बाहेरून तयार आला होता, त्याचं मराठी मी केलं होतं. जिथं हा फॉर्म जन्माला आला तिथं घरात जळण म्हणजे स्वयंपाकच असेल. पण मी तर इथली होते. पहिला फॉर्म मी माझ्याच घरचा भरला होता, स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवून, आणि मागं बंबाचं झाकण वाफेनं खडखडत होतं. 'गॅस' लिहिलं आणि खाली सही ठोकली. गावातल्या बायकांनीही तेच केलं. विचारलं त्याचं खरं उत्तर दिलं. त्यांची चूक काहीच नव्हती.

मी फॉर्मवर नवा प्रश्न घातला आणि पुन्हा दारोदार फिरले. बायकांना करमणूक झाली.

"आता आंगुळीचं बी सरकारला सांगायचं व्हय गं?"

"रोज करताय का हे बी लिवून घेणार काय?"

शेजारच्या भाभींचे मालक फौंड्रीत पॅटर्नचे सुतार. वाळूत ज्याचा ठसा घेतात तो लाकडी नमुना म्हणजे पॅटर्न. भाभींनी मला मागच्या दारी नेलं आणि जळणाचा ढीग दाखवला. तांबड्या, पिवळ्या रंगाचे तुटके पॅटर्न, खोक्यांच्या खिळे मारलेल्या फळ्या, तेलानं काळ्या झालेल्या चिंध्या.

"हे कुठलं?" मला ठाऊक असून मी विचारलं.

"आता काय सांगायचं तुला! तुझं वडीलबी हेच आणत हुते की, आता तुमच्या घरचा भाराबी आमचं मालकच आणत्यात. सुट्टीच्या आदल्या दिशी गेटवर भारा मिळतोय. चिंध्या घातल्या की बंब झटक्यात पेटतोय बघ."

मला सगळं आठवलं. वडील सायकलच्या कॅरेजला दोरीनं बांधलेला भारा घेऊन यायचे, आणि मी दारात उभी राहून ओरडायची, "आई, जळण आलं!" तांबडे तुकडे मला खेळायला आवडायचे. त्या तांबड्या रंगातलं शिसं आता मला प्रयोगशाळेच्या कागदावर भेटत होतं.

आणखी एक प्रश्न मी माझ्या मनानं घातला होता. घरात बंब कोण पेटवतं? आणि खाली, खोकला कुणाला आहे? दोन्ही रकान्यांत बहुतेक घरी एकच नाव येत गेलं. कधी सासू, कधी सून, कधी न शिकलेली थोरली लेक. आमच्या घरी आई.

सकाळचा बंब मॉडेलमध्ये घातला आणि आकडे जुळले. असं जुळलं की मी कॉलेजातल्या संगणकापुढं एकटीच टाळी वाजवली. आणि त्याच दिवशी घरी येऊन आईशी कडाक्याचं भांडले.

"उद्यापासून बंब बंद," मी म्हटलं. "तुझ्या छातीत जे बसलंय ना, ते त्यातलं आहे."

"तुझ्या बानं घेतलेला बंब हाय त्यो!"

"म्हणून काय तुझा जीव घ्यायचा त्यानं?"

"तीस वर्सं पाणी तापवतोय मी. तुझ्या परीक्षा, तुझी आजारपणं, तुझ्या बाचं अंग दुखायचं, समदं ह्याच पाण्यावर निभावलंय. आणि आता ह्यो बंब वाईट? तुझा बा वाईट जळण आणत हुता म्हणायचं हाय तुला?"

मला तसं म्हणायचं नव्हतं. पण तसंच बाहेर पडलं असणार. ती जेवली नाही. माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. बंब मात्र रोज पेटत राहिला, आणि तिच्याकडून येणारं गरम पाणी मी अंगावर घेत राहिले. शिकलेल्या बाईचा निर्धार बादलीभर गरम पाण्यापुढं किती टिकतो हे मला त्या दोन दिवसांत कळलं.

त्यातच अहवालाचा मसुदा आला. सरांनी माझं काम मान्य केलं होतं, कौतुकाची ओळही होती. पण निष्कर्ष वाचला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सकाळच्या प्रदूषणाला घरगुती जळण जबाबदार. ग्रामस्थांमध्ये जनजागृती करावी. बस्स. भट्ट्यांची रेघ वरून खाली घसरली होती आणि 'घरगुती' सगळ्यांच्या वर चढलं होतं. आमच्या भाभी, माझी आई आणि त्यांच्या शंभर मैत्रिणी, याच आता गुन्हेगार. मी हाडं मोडून शोधलेला पुरावा मी माझ्याच आळीच्या गळ्यात बांधला होता. त्या रात्री तो निष्कर्ष मी आईला मोठ्यानं वाचून दाखवला, आणि तांबड्या रंगातल्या शिशाचंही सांगितलं; ती पाठ करून भांडी घासत राहिली.

सही करायच्या मीटिंगची सकाळ उजाडली. आईनं न बोलता डबा भरून माझ्या पिशवीत ठेवला. बसमध्ये बसल्यावर पिशवी जड का लागते म्हणून बघितलं. डब्याखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक तांबडा तुकडा होता. वडिलांनी आणलेल्या शेवटच्या भाऱ्यातला. तो भारा आईनं चार वर्षं जाळला नव्हता, मागच्या भिंतीला तसाच रचून ठेवला होता. त्यातला एक तुकडा काढून तिनं मला दिला होता. माझे डोळे भरून आले आणि शेजारच्या बाईनं सरकून मला खिडकी दिली.

मीटिंगला सर होते, दोन अधिकारी होते आणि कारखानदारांच्या बाजूनं आलेले एक गृहस्थ होते. मसुदा वाचून ते गृहस्थ खूश झाले.

"आम्ही तर कधीपासून सांगतोय. लोकांनाच समजवायला पाहिजे."

मी तांबडा तुकडा टेबलावर ठेवला. त्याच्या एका बाजूला फौंड्रीचा पितळी नंबर अजून होता.

"हे आमच्या बंबातलं जळण," मी म्हटलं. "हे आमच्या शेतात उगवत नाही. हे तुमच्या गेटवरून येतं."

गृहस्थांनी तुकडा हातात घेऊन उलटा-सुलटा केला. "अहो मॅडम, ती मदत आहे. गरिबाला फुकट जळण मिळतं. त्यातही तुम्ही दोष काढणार?"

त्या 'मदत' शब्दानं माझा तोल गेला, आणि बरं झालं गेला.

"रंग लावलेलं लाकूड आणि तेलाच्या चिंध्या टाकायला तुम्हाला गाडी लावावी लागली असती, परवानगी काढावी लागली असती. त्या गाडीचं काम माझ्या वडिलांच्या सायकलनं केलं. तीस वर्षं. तुम्ही तुमचा कचरा आमच्या आंघोळीच्या पाण्याखाली जाळलात आणि वर त्याला मदत म्हणता?"

मग सर शांतपणे म्हणाले, "मॅडम, भावना समजू शकतो. पण मॉडेलचा नियम आहे. धूर जिथं निघतो तोच स्रोत. तो घरातून निघतोय."

"नियम मला माहीत आहे, मी तो पोरांना शिकवते. मग तक्त्यात दोन रकाने करा. कुठं जळलं, आणि कुठून आलं."

"असा तक्ता कुणी करत नाही."

"मग आपण करू."

"आणि नाही केला तर?"

"तर सही करणार नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायच्या कागदावर माझं नाव नको."

एक अधिकारी घड्याळाकडं बघत म्हणाले की इतक्या मोठ्या कामात एका रकान्यासाठी अडून बसू नये. मी अडून बसले. चहा आला, गार झाला. शेवटी तडजोड निघाली. दोन रकान्यांचा तक्ता अहवालाच्या शेवटी जोडायचा, निष्कर्ष आहे तसाच ठेवायचा. मी म्हटलं तक्ता जोडा, पण वरची सही करणार नाही. त्यांनी तक्ता जोडला आणि पहिल्या पानावरून माझं नाव काढलं. कॉलेजातल्या एका सहकाऱ्यानं मला वेड्यात काढलं. वर्षाची मेहनत आणि नाव नाही! मला वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. खूप वाटलं. पण त्या रात्री झोप मात्र लागली.

अहवालाच्या शेवटच्या पानांपर्यंत कोण पोचतं? पण तिथपर्यंत कुणीतरी पोचलं. महिन्याभरानं गेटवर भारा मिळणं बंद झालं. खुलासा नाही, चौकशी नाही, कुणाच्या छातीची विचारपूस नाही. फक्त भारा बंद. आणि आमची आळी माझ्यावर चिडली.

"गरम पाणी बंद केलंस बाई आमचं," नळावर एक जण म्हणाली. "शिकलीस म्हणून आमच्या बंबावर उठलीस?"

मी काही बोलायच्या आत आई कळशी खाली ठेवून सरळ झाली. तिला दम लागत होता, तरी आवाज साऱ्या गल्लीत गेला.

"तिच्यावर का वराडताय? गेटवर जावा की! आमच्या मालकांस्नी इख बांधून दिलं म्हणावं, आता लाकडं चांगली द्या, न्हायतर गरम पाण्याची सोय करून द्या! हितं नळावर भांडून काय हुतंय?"

पहिल्यांदा भाभी हसल्या, मग आणखी दोघी. गेटवर त्या सगळ्या खरोखरच गेल्या, पंधरा-वीस जणी. आत कुणी घेतलं नाही. पुन्हा गेल्या. अजून जातात. काय पदरात पडेल ते मला ठाऊक नाही, पण आमच्या बायकांना गेट कुठं आहे हे आता पक्कं माहीत झालंय.

घरी मी पाण्याचा हिटर बसवला. आईनं बंब चिंचेनं घासून बाहेरच्या खोलीत ठेवला. तिच्या छातीत जे गेलंय ते काही परत येत नाही, हे आम्हा दोघींना ठाऊक आहे.

परवा पुन्हा डॉक्टरांकडं गेलो. आता तिथं नवे, तरुण डॉक्टर आलेत. त्यांनी कोरा कागद घेतला आणि मान खाली घालूनच सुरुवात केली.

"विडी, तंबाखू?"

"न्हाय."

"घरात चूल?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात आईनं माझ्या मांडीवर हात ठेवला. डॉक्टरांच्या टेबलाकडं जरा पुढं सरकली. दम खाल्ला.

"चूल न्हाय. बंब हुता. तीस वर्सं."

डॉक्टरांनी मान वर केली. "बरं," म्हणाले, आणि लिहायला लागले.

"थांबा," आई म्हणाली. "जळण कुठलं हुतं त्येबी इचारा. आणि मी सांगतो तसंच लिवा."